अंगावरून अंगावर जाणारा कर्करोग

हिंजवडीच्या फेज वनमध्ये सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या येऊ लागतात, तेव्हा रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पोह्यांच्या कढया तापलेल्या असतात आणि टपऱ्यांच्या फळ्यांखाली त्या त्या टपरीची कुत्री पसरलेली असतात. ही कुत्री कुणा एकाची नसतात. त्यांना बिस्किटं आयटीतली मुलं-मुली देतात, नावं सिक्युरिटीवाले ठेवतात आणि पावसात आडोसा टपरीवाला देतो. त्यातल्या एखाद्या कुत्रीच्या मागच्या पायांवर रक्ताचे थेंब दिसतात. "माजावर आलीय," टपरीवाला म्हणतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं. पण माजाचं रक्त आठ-दहा दिवसांत कमी होतं, आणि फार ताणलं तरी तीन आठवड्यांत थांबतं. महिना उलटला, थेंब चालूच आहेत, कुत्री सारखी मागे वळून चाटतेय, असं दिसलं तर तो माज नव्हे. शेपटी बाजूला करून पाहिलं, तर योनिमार्गातून फुलकोबीच्या तुकड्यासारखी, लालसर, हात लावताच रक्त येणारी गाठ डोकावत असते.

नराच्या बाबतीत तर हे अजून उशिरा कळतं. गाठ शिश्नाच्या मुळाशी, कातडीच्या आवरणात दडलेली असते. बाहेर फक्त थेंब थेंब रक्त दिसतं आणि "लघवीतून रक्त जातंय, मूत्रखडा असेल" असा समज होतो. काही कुत्र्यांना ही गाठ नाकात होते, कारण एकमेकांना हुंगणं आणि चाटणं हीच कुत्र्यांची ओळखपाळख. मग एका नाकपुडीतून रक्त येतं. आपल्याकडे नाकातून रक्त म्हटलं की प्राण्यांच्या डॉक्टरांच्याही मनात आधी गोचिडतापच येतो, आणि ते रास्तच आहे, कारण गोचिडतापाने प्लेटलेट घसरतात आणि नाक वाहतं. पण गोचिडतापाची औषधं संपली, रक्त थांबलं नाही, नाकाचा एक बाजूचा भाग फुगू लागला, की दुसरा विचार करावा लागतो.

हा आजार म्हणजे टीव्हीटी. प्राण्यांच्या दवाखान्यात आणि नसबंदीच्या केंद्रांवर सगळे हाच शब्द वापरतात. पूर्ण नाव ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, म्हणजे समागमातून पसरणारी गाठ. वाचणाऱ्याला वाटेल, एखादा विषाणू पसरत असेल आणि त्यातून पुढे कर्करोग होत असेल, जसा माणसांत एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा होतो. इथे तसं नाही. इथे पसरते ती कर्करोगाची पेशीच. एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी समागमाच्या वेळी खरवडून निघतात, दुसऱ्याच्या नाजूक त्वचेवरच्या बारीक जखमांत बसतात आणि तिथे वाढू लागतात. कुत्र्यांचा समागम एकदा अडकला की अर्धा तासही सुटत नाही, आणि तेवढ्या वेळात घर्षणाने जखमा होतातच. गाठ दिसायला पुढे दोन ते सहा महिने लागतात, म्हणून कुठून लागलं याचा माग कुणालाच लागत नाही.

या पेशींची कहाणी समजून घ्यायला हापूसचं कलम डोळ्यांसमोर आणावं. रत्नागिरीतलं आजचं हापूसचं झाड कोयीपासून उगवलेलं नसतं. जुन्या झाडाची फांदी नव्या खोडावर बांधलेली असते, ती फांदी त्याआधीच्या झाडाची, आणि तीही त्याआधीच्या. झाडं मरतात, हापूस चालू राहतो. टीव्हीटीचं असंच आहे. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याला कर्करोग झाला. तो कुत्रा मेला. त्याच्या पेशी मात्र दुसऱ्याच्या अंगावर बसून वाचल्या, तिथून तिसऱ्याच्या, आणि आजही त्या जिवंत आहेत. हिंजवडीतल्या कुत्रीच्या गाठीतली पेशी त्या कुत्रीची नसतेच.

हे नुसतं कल्पनेचं बोलणं नाही. १८७६ साली रशियात नोविन्स्की नावाच्या पशुवैद्याने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्या कुत्र्यात यशस्वीपणे रुजवून दाखवली. कर्करोग एका प्राण्यातून दुसऱ्यात लावण्याच्या प्रयोगांचा इतिहास तिथून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत अँटोन स्टिकरने यावर इतकं काम केलं, की पुष्कळ वर्षं हा आजार 'स्टिकरचा सार्कोमा' म्हणूनच ओळखला जाई. पण गाठ सगळीकडे एकाच पेशीवंशाची आहे, हे सिद्ध व्हायला २००६ साल उजाडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लाउदिओ मुर्जिया आणि रॉबिन वाइस यांच्या गटाने इटली, भारत आणि केनिया इथल्या १६ कुत्र्यांच्या गाठी आणि त्यांचंच रक्त शेजारी शेजारी तपासलं. प्रत्येक कुत्र्याची गाठ त्याच्या स्वतःच्या रक्ताशी जुळत नव्हती, आणि तीन खंडांतल्या गाठी मात्र एकमेकींशी जुळत होत्या. या शोधात भारतातली कुत्रीही होती, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. जगातल्या इतक्या मोठ्या शोधात आपल्या रस्त्यांवरच्या प्राण्यांचा वाटा आहे आणि आपल्याला त्याची खबर नाही.

२०१४ साली केंब्रिजच्या एलिझाबेथ मर्चिसन यांच्या गटाने या गाठीचा संपूर्ण जनुकसंच वाचला. एक नमुना ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्तीतल्या कुत्र्याचा होता, दुसरा ब्राझीलमधल्या कॉकर स्पॅनियलचा. दोन्हींत मिळून सुमारे वीस लाख बदल सापडले. माणसाच्या बहुतेक कर्करोगांत ते काही हजारांत असतात. सामान्य कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या पेशीत ती ५७ ते ५९ च उरलेली आहेत, कारण बरीचशी एकमेकांना चिकटून गेली आहेत. इतकी मोडतोड होऊनही पेशी तग धरून आहे. याच गटाने २०१९ साली ४३ देशांतल्या ५४६ गाठींचा वंशवृक्ष मांडला. त्यावरून हा कर्करोग ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात कुठेतरी सुरू झाला, सुमारे २,००० वर्षांपूर्वी आशियाबाहेर पडला आणि युरोपियन जहाजांबरोबर अमेरिकेत गेला, असं दिसलं. मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. ज्या भागांत ऊन कडक, तिथल्या गाठींमध्ये अतिनील किरणांनी झालेल्या बदलांच्या खुणा जास्त सापडल्या. म्हणजे आपण कुठल्या अक्षांशावर राहिलो, किती ऊन खाल्लं, याची नोंद गाठ स्वतःच्या जनुकांत करत आली आहे.

जगात असे कर्करोग फार थोडे आहेत. टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याच्या तोंडावर होणारा कर्करोग १९९६ साली पहिल्यांदा पाहिला गेला. चावाचावीतून तो पसरतो आणि त्याने त्या प्राण्याची संख्या भयानक घटवली आहे. समुद्रातल्या काही शिंपल्यांतही असे कर्करोग २०१५ पासून सापडत आले आहेत. माणसात असा कर्करोग नाही, आणि कुत्र्याचा टीव्हीटी माणसाला होत नाही. गाठ असलेल्या कुत्र्याला हात लावला म्हणून घाबरायचं कारण नाही, हात धुवायचे इतकंच.

आता औषधाकडे. शिंपल्याला, डेव्हिलला जे मिळालं नाही ते कुत्र्याला मिळालं आहे: हा कर्करोग बरा होतो, बहुतेक कुत्र्यांत अगदी पूर्ण. आणि औषध मिळतं सदाफुलीपासून, जी आपल्याकडच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या फाटकांशी पावसाळा-उन्हाळा फुललेली असते.

सदाफुलीचं मूळ मादागास्करमध्ये. जगात अनेक ठिकाणी तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५० च्या दशकात जमैकाहून आलेली पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. त्यांनी मधुमेहासाठीच तपासणी केली. साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी या सुताने स्वर्ग गाठला आणि १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळं काढलं. त्याचंच भावंड व्हिंक्रिस्टिन इलाय लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत मिळालं आणि १९६३ साली अमेरिकेत वापराला मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही वापरतात. पानांत त्याचं प्रमाण इतकं नगण्य, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणून कृपा करून कुणी कुत्र्याला सदाफुलीचा रस पाजू नये. पानात इतर विषारी द्रव्यंही आहेत, आणि औषध म्हणून हवं असलेलं द्रव्य तर त्या रसात मोजण्याइतकंही नसतं.

पेशी दोन होताना तिच्या आत बारीक तंतू उभे राहतात आणि गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात. व्हिंक्रिस्टिन ते तंतू तयारच होऊ देत नाही. पेशी मध्यावर अडकते आणि मरते. ज्या पेशी सारख्या वाढत असतात त्यांना याचा फटका जास्त. म्हणूनच गाठीबरोबर अस्थिमज्जेलाही थोडा बसतो, पांढऱ्या पेशी घटतात, कुत्रं दोन-तीन दिवस मलूल पडतं, कधी ओकतं.

पण टीव्हीटीच्या बाबतीत औषधाचं काम एवढ्यावर संपत नाही, आणि हेच या प्रकरणाचं मर्म आहे. एरवी परक्या कुत्र्याच्या पेशी अंगात शिरल्या तर शरीराने त्या परक्या ओळखून मारायला हव्यात. ही गाठ मात्र आपल्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, ज्यांना एमएचसी म्हणतात, दडपून टाकते, आणि काही रसायनं सोडून आसपासच्या रक्षक पेशींना गप्प बसवते. महिनोन् महिने शरीराला कळतच नाही की आत परकं कुणी शिरलंय. काही धडधाकट कुत्र्यांत ही आंधळी अवस्था आपोआप संपते, खुणा पुन्हा उमटतात आणि गाठ औषधाशिवाय विरते. औषधामुळे हे आपोआप होणारं काम सुरू होतं असं आज दिसतंय. २०१८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अरिबेर्तो फासाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध सुरू झाल्यावर गाठीचे तुकडे काढून तपासले, तेव्हा क्रम असा दिसला: आधी गाठीभोवतीच्या त्वचेत आणि ऊतींत दाह होतो, तिथून रक्षक पेशींना बोलावणारे रासायनिक संदेश सुटतात, मग त्या रक्षक पेशी गाठीत घुसतात. म्हणजे गाठ संपवतं ते औषध आणि कुत्र्याचं शरीर, दोघं मिळून. म्हणूनच माणसाच्या तुलनेत फारच कमी केमोत इतका मोठा परिणाम होतो. आणि म्हणूनच उपाशी, गोचिडांनी भरलेल्या, आधीच तापाने खंगलेल्या कुत्र्यावर तोच डोस कमी चालतो. केमोआधी जंतांची औषधं, गोचिडांचा बंदोबस्त आणि पोटभर खाणं, यांना मी औषधाइतकंच महत्त्व देईन.

दवाखान्यात हे कसं चालतं ते सांगतो. आधी निदान पक्कं करतात. गाठीवर काचपट्टी हलकेच दाबून ठसा घेतात किंवा सुईने थोड्या पेशी ओढतात, वाळवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. टीव्हीटीच्या पेशी गोल, एकेकट्या, भरगच्च पसरलेल्या असतात. केंद्रक मोठं, भोवतीच्या फिकट निळसर भागात स्वच्छ पांढरी भोकं, एखाद्याने पंचने पाडल्यासारखी ओळीने. अनुभवी डोळ्याला पहिल्या नजरेत ओळख पटते. तुकडा पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची वेळ क्वचितच येते.

मग डोस. केमोचा डोस वजनावर नव्हे, शरीराच्या पृष्ठभागावर ठरवतात, दर चौरस मीटरला ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या आपल्या देशी कुत्र्याचा पृष्ठभाग साधारण ०.६ चौरस मीटर, म्हणजे एका वेळी सुमारे ०.४ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरच्या कुपीत १ मिलिग्रॅम असतं, तेव्हा अर्धी कुपीही लागत नाही. माणसांच्या औषधाचीच ही कुपी असते आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी लागते. इंजेक्शन फक्त शिरेत, आणि अत्यंत काळजीने. थेंबभर औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी काळी पडून झडते. म्हणून आधी सलाईनची सुई नीट बसवतात, पाणी सोडून ती शिरेतच आहे ना हे पाहतात, मग औषध, मग पुन्हा सलाईन. आठवड्यातून एकदा, आणि दर वेळी आधी रक्ताची तपासणी. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली असतील तर तीन-चार दिवस थांबतात किंवा डोस कमी करतात. कोली जातीच्या कुत्र्यांत एका जनुकदोषामुळे हे औषध शरीराबाहेर नीट फेकलं जात नाही, म्हणून त्यांच्याबाबतीत जास्त सावध राहावं लागतं. पुढचे काही दिवस कुत्र्याच्या लघवी-विष्ठेतून औषध बाहेर पडतं. साफसफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि गर्भवती बाईने या कामाला हात लावू नये.

पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबतं. तिसऱ्यापर्यंत गाठ निम्म्यावर येते. साधारण चार ते सहा इंजेक्शनांत ती दिसेनाशी होते, आणि दहातली नऊ कुत्री पूर्ण बरी होतात. ब्राझीलमधल्या २०१० सालच्या एका अभ्यासात गाठ मोठी असेल, कुत्रं वयस्क असेल किंवा उपचार उकाड्याच्या, पावसाच्या दिवसांत चालू असेल, तर जास्त इंजेक्शनं लागली असं दिसलं. मावळ-मुळशीच्या पावसाळ्यात उपचार करणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवायला हरकत नाही. थोड्या कुत्र्यांवर व्हिंक्रिस्टिन चालत नाही, त्यांच्यासाठी डॉक्सोरुबिसिन हे दुसरं औषध आहे. नुसती शस्त्रक्रिया करून गाठ कापण्याचा मोह टाळावा, कारण कापताना पेशी सांडतात आणि गाठ पुन्हा येते.

हिंजवडीत अडचण औषधाची नाही, ते स्वस्त आहे आणि पुण्यात मिळतं. अडचण आहे चार-सहा आठवडे तेच कुत्रं हाताशी ठेवण्याची. पाळलेल्या कुत्र्याचं सोपं असतं. फेज टूच्या रस्त्यावरच्या कुत्रीला दर मंगळवारी कोण पकडणार? पहिल्या इंजेक्शनाला ती पावाच्या आमिषाने पिंजऱ्यात येते. दुसऱ्या वेळी पिंजरा दिसताच लांब पळते. तिसऱ्या आठवड्यात तिचं रक्त थांबलेलं असतं, खाणं सुधारलेलं असतं, रोज खाऊ घालणाऱ्या फीडर मंडळींना वाटतं झालं बरं, आणि कुत्री तशीच सोडली जाते. आत तेव्हा बोटभर गाठ उरलेली असते. अर्धवट केमो घेतलेल्या अशा गाठीत औषधाला दाद न देणाऱ्या पेशी शिल्लक राहायला वाव मिळतो, आणि पुढच्या माजात तीच कुत्री त्या पेशी दहा नरांना देते. म्हणून अर्धा उपचार करण्यापेक्षा आधी कुणाच्या तरी आवारात, एखाद्या बांधकाम साइटच्या शेडमध्ये का होईना, दीड महिन्याची जागा ठरवावी आणि मग पहिलं इंजेक्शन द्यावं. गाठ डोळ्यांना दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टर एखादं इंजेक्शन जास्त देतात, ते टाळू नये.

आणि याच्याही आधीची पायरी आहे नसबंदी. इंग्लंडमध्ये हा आजार होता, विसाव्या शतकात तो जवळजवळ नाहीसा झाला. कुणी त्याच्या मागे लागलं नव्हतं. मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण आणणारे कायदे आले, कुत्री घरात आणि दोरीला बांधून राहू लागली, आणि पेशींना पुढच्या अंगावर उडी मारायला संधी उरली नाही. २०१४ साली जगभरच्या पशुवैद्यांकडून माहिती गोळा केली गेली तेव्हा किमान ९० देशांत टीव्हीटी आढळला, आणि जिथे नसबंदी जास्त तिथे तो कमी, हेही दिसलं. आपल्याकडे कुत्र्यांना मारणं किंवा लांब नेऊन सोडणं हा उपाय नाही, आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही पकडलेलं कुत्रं नसबंदी आणि रेबीजची लस देऊन त्याच जागी परत सोडायचं असतं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मोकाट कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात होती. त्यातल्या किमान सत्तर टक्क्यांची नसबंदी झाली तरच संख्या आणि समागम दोन्ही ओसरतात, असं या कामातली मंडळी सांगतात.

हिंजवडीची पंचाईत तिच्या हद्दीत आहे. वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, हिंजवडी, माण, मारुंजी ग्रामपंचायतींची गावं. महापालिकेत घेण्याची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे. एका बाजूला नसबंदीची गाडी फिरते, रस्त्याच्या पलीकडे ती फिरेलच याची खात्री नसते, आणि कुत्रं तर रोज इकडून तिकडे जातं. नसबंदीसाठी पकडलेल्या कुत्र्यात टीव्हीटी सापडला, तर शस्त्रक्रिया करून, कानाला खाच देऊन लगेच सोडून द्यायचं नसतं. आधी केमो पुरा करावा लागतो. केंद्राचे पिंजरे मात्र काही दिवसांच्या मुक्कामाच्या हिशेबाने बांधलेले असतात. दोन-चार पिंजरे कायमचे टीव्हीटीच्या रुग्णांसाठी राखायचे, त्यांचा खर्च आणि दर आठवड्याची रक्ततपासणी ग्रामपंचायतीने, एमआयडीसीतल्या कंपन्यांनी आणि फीडर गटांनी वाटून घ्यायची, एवढी सोय केली तर फेज वन ते फेज थ्रीचा पट्टा या आजारातून मोकळा करता येण्यासारखा आहे. कंपन्यांच्या सीएसआर विभागांकडे असा प्रस्ताव घेऊन जायचं असेल, तर सोबत कुत्र्यांची यादी, फोटो, प्रत्येकाच्या इंजेक्शनांच्या तारखा आणि स्मिअरचा, म्हणजे काचपट्टीवरच्या ठशाचा, अहवाल असू द्यावा.